कराड ते गडहिंग्लज: एका तारापिधानाची मांडणी आणि तिचा हिशेब

पार्श्वभूमी

शनी आणि युरेनस यांच्या कक्षांच्या दरम्यान फिरणारा एक सेंटॉर, म्हणजे लघुग्रहासारखा लहान पिंड, हिवाळ्यातल्या एका पहाटे १२.६ प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा फिका) ताऱ्यासमोरून जाणार होता. असं ताऱ्याला झाकणं म्हणजे तारापिधान. पिंडाचं नाव, तारीख आणि निरीक्षकांची ओळख इथे दिलेली नाही. अंतरं छायामार्गाला काटकोनात मोजलेली असून गोल केली आहेत.

उष्णतेच्या मोजमापांवरून या पिंडाचा व्यास २२० किमीच्या आसपास धरला जात होता. पृथ्वीपासून अंतर १४ खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या १४ पट. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण समांतरच येतात. त्यामुळे पिंडाची छाया पृथ्वीवर पडते ती त्याच्याच मापाची, म्हणजे इथे २२० किमी रुंदीचा पट्टा. ती सेकंदाला २२ किमी वेगाने पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकणार होती. मध्यरेषेवर उभ्या असलेल्याला तारा १० सेकंद गायब दिसेल, कडेला त्याहून कमी, पट्ट्याबाहेर काहीच नाही. पिंड स्वतः ८ इंची दुर्बिणीतून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून छायेत तारा नुसता मंदावणार नव्हता, पार विझणार होता.

ताऱ्याचं स्थान ताऱ्यांची मोजणी करणाऱ्या गाया उपग्रहाच्या २०२२ च्या यादीतून घेतलेलं होतं. त्या यादीतला रूवे हा आकडा १.४ च्या वर असेल तर तारा जोडतारा असण्याची किंवा त्याचं स्थान फसवं असण्याची शंका घ्यावी लागते. इथे तो १.१ होता. तारा भरवशाचा, चूक असलीच तर पिंडाच्या कक्षेत. १४ खगोलीय एककांवर १ मिलिआर्कसेकंदाचा कोन (अंशाचा छत्तीस लाखावा भाग) म्हणजे जमिनीवर १० किमी. पहिल्या अंदाजात छायेची अनिश्चितता ८० किमी दिली होती, म्हणजे आकाशात जेमतेम ८ मिलिआर्कसेकंद. तेवढ्यात अख्खा पट्टा कोल्हापूर जिल्ह्याबाहेर जाऊ शकतो.

त्या अंदाजानुसार मध्यरेषा साताऱ्यावरून आणि दक्षिण सीमा बरोबर कोल्हापूर शहरावरून जात होती.

गट सात जणांचा: इंजिनिअरिंग कॉलेजातले दोन शिक्षक, उद्यमनगरात लेथवर काम करणारा एक जण आणि चार विद्यार्थी. साहित्यात ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण आणि जीपीएस बसवलेला कॅमेरा, ताऱ्यामागे आपोआप फिरणाऱ्या, म्हणजे ट्रॅकिंगच्या माऊंटवरची ६ इंची न्यूटोनियन, ट्रॅकिंग नसलेली ८ इंची डॉब्सोनियन आणि १३० मिमीची एक लहान न्यूटोनियन. जीपीएसवाला कॅमेरा एकच, बाकी साधे ग्रहांचे कॅमेरे.

अडचण

घटनेच्या तीन दिवस आधी सुधारित अंदाज आला. पट्टा २० किमी उत्तरेला सरकला आणि अनिश्चितता ८० वरून ६० किमीवर आली. म्हणजे कागदावर कोल्हापूर छायेबाहेर गेलं. गटात लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, सगळं उचलून साताऱ्याला जाऊ. दुसऱ्याचं, नेहमीसारखं पन्हाळ्यावर बसू आणि नशिबाने मिळेल ते घेऊ.

दोन्ही बाजूंना एक गोष्ट दिसत नव्हती: सगळी उपकरणं एकाच ठिकाणी नेली तर कितीही असली तरी जीवा एकच मिळते. पिंडाच्या वर्तुळातली एक आडवी रेघ. एका रेघेवरून व्यास ठरत नाही, मध्यही ठरत नाही, कारण तीच रेघ लहान वर्तुळाच्या मधोमध बसते आणि मोठ्या वर्तुळाच्या कडेलाही.

त्यात अंदाजपत्रकातली वेळ जागतिक वेळेत होती, रात्री २१:१५. आपल्याकडे ती पहाटेची २:४५ होते, पण दुसऱ्या तारखेची. साडेपाच तास मिळवताना तारीख बदलायला विसरणं हा या कामातला सर्वांत स्वस्तात होणारा घोटाळा आहे. एका विद्यार्थ्याच्या मोबाइलमधली आठवण चोवीस तास उशिराची निघाली, कारण त्याने तारीख दोनदा पुढे ढकलली होती. सुदैवाने ती तालमीच्या दिवशीच सापडली.

समोर असलेले पर्याय

शिक्षकांपैकी एकाने सुधारित अंदाज धरून प्रत्येक जागेची शक्यता काढली. गणित सोपं आहे: मध्यरेषेपासूनचं अंतर, पट्ट्याची निम्मी रुंदी ११० किमी आणि ६० किमीची अनिश्चितता, म्हणजे एक सिग्मा. साताऱ्याला तारा जाण्याची शक्यता सुमारे ९२ टक्के आली. कराडला ७७. कोल्हापूरच्या पश्चिमेला, पन्हाळ्याच्या पायथ्याशी ४२. गडहिंग्लजला जेमतेम ११.

आकडे बघून साताऱ्याचा ओढा वाटणं साहजिक आहे. पण पुण्याकडचा एक गट उत्तर बाजू धरून बसणार होता. साताऱ्याला आणि पुण्याला जीवा मिळाल्या असत्या तर दक्षिण अर्ध्याबद्दल कोणालाच काही सांगता आलं नसतं. आणि अंदाज दक्षिणेला चुकला असता तर साताऱ्याची रेघ एकटी पडली असती.

पन्हाळ्याच्या बाजूने बोलायला बरंच होतं. समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरच्या पुढे उंची, हिवाळ्यात पंचगंगेच्या खोऱ्यात साचणारं धुकं बहुतेक वेळा खालीच राहतं, गळीत हंगामातला पाचट पेटवल्याचा धूरही तिथवर कमी पोचतो. पण पठारावरच्या वाऱ्याने ६ इंची नळी हलते, आणि रात्रभर गाडी लावून बसायला सोयीची जागा कुठे मिळेल याचीही खात्री नव्हती. शिवाय १२.६ प्रतीच्या ताऱ्यासाठी तितकं काळं आकाश लागतच नाही. ८ इंची दुर्बिणीत ०.२ सेकंदाच्या फ्रेममध्येही हा तारा शहराबाहेरच्या साध्या आकाशात गोंगाटाच्या दहापट तरी वर राहतो. अंधाराच्या हौसेपायी जागा निवडणं हौशी गटांच्या अंगवळणी पडलेलं असतं. पिधानात ती सवय उपयोगाची नाही.

ठरलं ते असं: कराडजवळ ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन आणि जीपीएस कॅमेरा, पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका मळ्यात ६ इंची, आणि ११ टक्के शक्यता असूनही गडहिंग्लजला डॉब्सोनियन. कराडपासून मळा ५७ किमी दक्षिणेला, गडहिंग्लज ११८ किमी.

चौथ्या दुर्बिणीचं काय करायचं यावर सर्वांत जास्त वाद झाला. १३० मिमीची ती नळी निपाणीजवळ ठेवली असती तर मळा आणि गडहिंग्लज यांच्यातली ६० किमीची पोकळी भरली असती. पण तिथे एकालाच जावं लागलं असतं. उसाच्या पट्ट्यात, बिबट्याच्या बातम्या ताज्या असताना, पहाटे तीनला एकट्याने उभं राहायचं नाही हा गटाचा नियम. नियम योग्यच आहे. मात्र त्यावर तोडगा म्हणून ती दुर्बीण मळ्यातच राखीव ठेवली गेली, आणि हा भाग पुढे महागात पडला.

तयारी

पिधानात एक सेकंदाची चूक म्हणजे २२ किमीची चूक, त्यामुळे अर्धी तयारी घड्याळाचीच होती. लॅपटॉपचं घड्याळ दिवसाला सेकंदभरही भरकटू शकतं. मोबाइल डेटावरून एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरच्या वेळेशी, ते जुळवलं तरी काही दशांश मिलिसेकंद नव्हे, काही दहा मिलिसेकंदांचा फरक राहतो, आणि नेट मंद झालं की त्याहून जास्त. शिवाय साध्या कॅमेऱ्यात फ्रेमवर पडणारी वेळ बहुधा ती लॅपटॉपच्या हाती पोचल्याची असते, एक्सपोजर सुरू झाल्याची नव्हे.

म्हणून मळ्यात आणि गडहिंग्लजला निओ-६एम हे स्वस्तातलं जीपीएस मॉड्यूल वापरलं. उपग्रह पकडले की त्यावरचा एलईडी दर सेकंदाच्या ठोक्याला लुकलुकतो. त्या पल्सवर एक वेगळा एलईडी जोडून तो नळीच्या तोंडाशी धरायचा आणि चित्रणाच्या सुरुवातीला व शेवटी दहा-दहा सेकंद फ्रेमवर उजेड पाडायचा. कोणत्या फ्रेममध्ये ठोका पडला हे पाहून लॅपटॉपची चूक काढता येते. ठोका कितव्या सेकंदाचा आहे एवढंच लॅपटॉपने सांगायचं, आणि तेवढं एनटीपीला जमतं.

जीपीएस कॅमेऱ्यालाही एक खोड असते. जीपीएसची स्वतःची वेळ आणि जागतिक वेळ यांत २०१७ पासून १८ सेकंदांचा फरक आहे. हा आकडा उपग्रहाच्या संदेशात येतो आणि पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. बराच काळ बंद असलेला रिसीव्हर सुरू करून लगेच चित्रण घेतलं तर वेळ पूर्ण सेकंदांनी चुकीची पडू शकते, आणि फ्रेमवर सगळं हिरवंगार दिसत असतं. कराडच्या जोडीला रिसीव्हर निदान वीस मिनिटं मोकळ्या आकाशाखाली ठेवायला बजावलं होतं.

डॉब्सोनियनला ट्रॅकिंग नाही, म्हणून तिथे आकाशच वाहू द्यायचं ठरलं. घटनेला ४० मिनिटं उरली असताना ताऱ्याच्याच क्रांतीवर (आकाशातल्या अक्षांशावर), पण विषुवांशात (आकाशातल्या रेखांशात) ४० मिनिटं कमी असलेल्या जागी दुर्बीण लावायची आणि मग हात लावायचा नाही. पृथ्वी फिरेल तसा तारा बरोबर वेळेवर चौकटीत येतो. कॅमेऱ्याच्या चिपची रुंदी साडेपाच मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी, म्हणजे चौकट १६ कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि तारा ती ६८ सेकंदांत ओलांडणार. हे फार आवळ वाटलं. अर्ध्या पटीचा रिड्यूसर, म्हणजे नाभीय अंतर कमी करणारं भिंग, लावल्यावर चौकट दुप्पट झाली, पण फोकस नळीच्या आत गेला आणि कॅमेरा तिथवर पोचेना. उद्यमनगरात लेथवर मुख्य आरशाचे तीन लांब बोल्ट करून घेतले, जास्त ताणाच्या स्प्रिंगा घातल्या आणि आरसा वर उचलला. एका संध्याकाळचं काम.

दोन मिनिटांचं चित्रण पुरेसं आहे का, असा प्रश्न निघाला. मुख्य घटना १० सेकंदांची असली तरी आजूबाजूचं रेकॉर्डिंग टाळायचं नसतं. १० मार्च १९७७ ला युरेनसच्या पिधानात मुख्य घटनेच्या आगेमागे ताऱ्याचा उजेड क्षणभर उतरला आणि त्यातून युरेनसची कडी उघड झाली. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतही तशी नोंद झाली होती. ३ जून २०१३ ला दक्षिण अमेरिकेतून पाहिलेल्या पिधानात चारिक्लो या सेंटॉरभोवती दोन कडी सापडली, त्यांची त्रिज्या सुमारे ४०० किमी. आपल्या पिंडाला तशी कडी असतीच तर ती मध्यापासून १८ सेकंदांवर दिसली असती, म्हणून घटनेच्या दोन्ही बाजूंना एकेक मिनिट बसत होतं. ट्रॅकिंगवाल्या दोन्ही जागांनी पाच-पाच मिनिटं घ्यायची होती.

प्रत्यक्ष रात्र

कराडला सांगण्यासारखं फार घडलं नाही. कृष्णेकाठचं धुकं टाळून महामार्गाच्या पश्चिमेला थोडी उंच जागा घेतली होती. दुर्बिणीच्या तोंडाशी असलेल्या करेक्टर काचेवर दवापासून बचाव म्हणून योगा मॅटची ३० सेमी लांब नळी चढवली होती. ०.२ सेकंदाच्या फ्रेम, तारा गेला, आला, दोन्ही कडा स्वच्छ.

मळ्यातली गोष्ट वेगळी. रात्री दहाला संच मांडून झाला तेव्हा हवा कोरडी होती. साडेअकराला शेतमालक बॅटरी घेऊन आले.

"पोरांनो, लाईट बाराला येतीया. शेजारच्या उसाला पाणी पाजाय लागतंय. तुमच्या मशिनीला काय हुतंय का?"

"नाही मामा, आम्ही इकडं कोरड्यात आहोत."

शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीची होती. बारा ते तीन शेजारचा एकरभर ऊस भिजत राहिला, वारा पडला, आणि दोनच्या पुढे दव उतरायला लागलं. नळीच्या बाहेरून पाणी ओघळत होतं, पण चित्रावर ते लगेच कळलं नाही, कारण दवाने तारा एकदम जात नाही, हळूहळू फुगतो आणि मंद होतो. २:३० ला तालमीच्या चित्रणाशी ताडून पाहिलं तेव्हा तारा निम्म्यावर आला होता. शेजारचा तुलनेचा तारासुद्धा तेवढाच उतरला होता, म्हणजे दोष आकाशात नव्हता. टॉर्च मारून पाहिलं तर दुय्यम आरशावर पांढरी साय. राखीव १३० मिमीच्या नळीची तीच गत. एकाच मळ्यात, एकाच दवाखाली ठेवलेल्या संचाला राखीव म्हणण्यात अर्थ नव्हता.

घटनेला ९ मिनिटं उरलेली. गाडीच्या इन्व्हर्टरवर केस वाळवायचा ड्रायर होता. तो मारला तर आरसा मोकळा होईल, पण नळीत गरम हवा घुटमळेल, धक्का लागला तर तारा चौकटीबाहेर जाईल आणि अंधारात तो पुन्हा शोधायला वेळ पुरायचा नाही. नाही मारला तर घटनेपर्यंत तारा गोंगाटात बुडेल. मंद आचेवर, हातभर अंतरावरून, फक्त समोरच्या तोंडातून ४० सेकंद मारायचं ठरलं, तेही वेळेच्या ६ मिनिटं आधी, म्हणजे हवा निवायला अवधी मिळेल. एकाने माऊंटला हात न लावता ड्रायर धरला, दुसऱ्याची नजर स्क्रीनवर. तारा पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत परतला. फ्रेम ०.४ सेकंदाची ठेवली. पुन्हा दव धरत गेलं तरी तारा जाण्याचा क्षण नीट मिळाला. तो परत आला तेव्हा मात्र इतका फिका होता की नेमकी फ्रेम ठरवता येईना.

गडहिंग्लजला तारा वेळेवर चौकटीत आला, सव्वादोन मिनिटं वाहत गेला आणि एकदाही लुकलुकला नाही. शेवटचे एलईडीचे ठोके मात्र चित्रणात नाहीत. पॉवर बँकेने मध्येच मॉड्यूल बंद केलं होतं. बिघाड कसला नाही. बहुतेक पॉवर बँका फारच कमी करंट जात असेल तर जोडलेली वस्तू भरली असं समजून स्वतःला बंद करतात, आणि हे मॉड्यूल पन्नास मिलिअँपिअरच्या आसपासच खातं.

निकाल

प्रकाशवक्र, म्हणजे ताऱ्याच्या उजेडाचे वेळेनुसार आलेख, पायमूव्ही या प्रोग्रॅममध्ये काढले आणि जाण्या-येण्याचे क्षण पायओटीई या प्रोग्रॅमने ठरवले. कराड: ९.९ सेकंद, म्हणजे २१८ किमीची जीवा. मळा: ८.५५ सेकंद, म्हणजे सुमारे १८८ किमी, पण परतीच्या क्षणात ०.६ सेकंदाची अनिश्चितता. एलईडीवरून कळलं की मळ्यातला लॅपटॉप ०.४३ सेकंद मागून वेळ लावत होता. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठोक्यांत फरक तेवढाच होता, म्हणजे तो स्थिर होता. ही दुरुस्ती कराडचा वक्र उघडण्याआधीच केली, हे चांगलं झालं. नाहीतर दुसऱ्या जागेशी जुळेल असा आकडा शोधण्याचा मोह होतो आणि मग त्या मोजमापाला काही किंमत उरत नाही.

छाया अंदाजापेक्षा सुमारे ६५ किमी दक्षिणेला पडली होती, एका सिग्माच्या जरा पलीकडे. पुण्याकडच्या गटाला स्वच्छ आकाशात काहीच दिसलं नाही. साताऱ्याला सगळे गेले असते तर एक उत्तम जीवा मिळाली असती आणि तेवढंच.

गडहिंग्लजचं 'काही झालं नाही' हे कळवायचंच नाही, असं दोघांचं मत होतं. वेळेचे शेवटचे ठोके नाहीत, आणि निकालही नकारात्मक. पण नकारात्मक नोंदीला सेकंदाच्या शतांशाची वेळ लागत नाही. त्या दोन मिनिटांत एकही फ्रेम गळालेली नाही आणि तारा सतत दिसतोय, एवढं दाखवता आलं की पुरे. सुरुवातीचे ठोके आणि सलग फ्रेम क्रमांक त्यासाठी भरपूर होते.

या नकारात्मक नोंदीचा उपयोग काय झाला ते बघा. पिंड वर्तुळाकार धरला तर मळ्यातल्या परतीच्या धूसर क्षणामुळे व्यासात फरक पडत नाही, तो २१८ ते २२० किमीच राहतो, कारण कराडची जीवा जवळजवळ मधूनच गेलेली आहे. हलतो तो मध्यबिंदू. कराडच्या ९ किमी उत्तरेपासून १३ किमी दक्षिणेपर्यंत तो कुठेही बसू शकत होता. आता मध्य १३ किमी दक्षिणेला असता तर छायेची कड गडहिंग्लजच्या पुढे गेली असती आणि तिथे तारा जवळजवळ तीन सेकंद गायब झाला असता. तो झाला नाही. त्यामुळे दक्षिणेकडची मर्यादा साडेआठ किमीवर आली. कक्षेच्या हिशेबात अर्ध्या मिलिआर्कसेकंदाची ही सुधारणा ११ टक्क्यांच्या जागेवरून, ट्रॅकिंग नसलेल्या दुर्बिणीने आणि 'काही न दिसून' मिळाली.

कडी किंवा उपग्रह सुचवणारी घट कराडच्या पाच मिनिटांत सापडली नाही. मळ्यातल्या वक्रावरून त्याबद्दल काही म्हणायचं नाही असं ठरलं, कारण दवाने उतरत जाणाऱ्या वक्रात छोटी घट लपू शकते. नोंद पाठवताना मळ्यातला ड्रायरचा काळ आणि दवाचा परिणाम वेगळा लिहून दिला.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली सुधारणा निपाणी. तिथे तारा साडेचार ते पावणेपाच सेकंद गेला असता. कडेजवळ जागा किलोमीटरभर सरकली तरी जीवेची लांबी झपाट्याने बदलते, म्हणून तिथली मोजणी मध्यबिंदू घट्ट धरून ठेवते. मधोमधची जीवा व्यास सांगते, मध्य नाही. दोन माणसांचा नियम मोडायचा नव्हता, पण मळ्यात तिघं होते. त्यांतला एक आणि कराडच्या जोडीतला एक निपाणीला जाऊ शकले असते का? कराडचा संच स्वयंचलित होता आणि शहरालगत होता, तिथे एखाद्या स्थानिक मित्राला सोबतीला बसवून निभावलं असतं. हा पर्याय चर्चेत आलाच नाही, कारण 'राखीव संच हवा' हे सर्वांना न बोलता मान्य होतं.

दुसरी, दुय्यम आरशाची ऊब. ३३० ओहमचे, अर्धा वॉटचे चार रेझिस्टर समांतर जोडून आरशाच्या पाठीला चिकटवले आणि १२ व्होल्ट दिले की पावणेदोन वॉट उष्णता मिळते. दव बसू न देण्यासाठी एवढं बास असतं, आणि हवाही ढवळत नाही. दव बसल्यावर ते घालवण्यापेक्षा रात्री दहालाच हे चालू करणं सोपं. जागा पाहायला दिवसा जाताना मालकांना त्या आठवड्याची विजेची पाळी विचारायची, आणि शेजारी पाणी असेल तर वारा येतो त्या बाजूला, शक्य तो माळावर बसायचं. पन्हाळ्याचं पठार नाकारण्याचं कारण वारा होतं. पण त्याच वाऱ्यामुळे तिथे दव कमी पडतं, हे गणितात धरलं गेलं नाही. गाडीच्या आडोशाला ६ इंची नळी तिथेही चालली असती.

पॉवर बँकेसाठी ४७ ओहमचा, एक वॉटचा रेझिस्टर ५ व्होल्टच्या तारेवर आडवा टाकला की शंभर मिलिअँपिअर जास्तीचे वाहतात आणि बहुतेक बँका जाग्या राहतात. तालीम करताना मॉड्यूल पाच मिनिटं चालवून पाहिलं होतं. बँक त्यानंतर कधीतरी बंद झाली. तालीम पूर्ण तासाभराची, त्याच वेळी, त्याच बॅटरीवर घ्यायला हवी होती.

आणि शेवटच्या तीन दिवसांत आलेला अंदाज. २० किमीचा सरकाव ६० किमीच्या अनिश्चिततेत काहीच नव्हे, तरी त्याने मांडणी जवळजवळ उधळली. पुढच्या वेळी जागा पहिल्या अंदाजावरच कायम करायच्या आणि सुधारणा एका सिग्माच्या वर गेली तरच फेरविचार करायचा, असं गटाने लिहून ठेवलं आहे. सोबत अट एकच: दक्षिणोत्तर दोन जागांमध्ये अपेक्षित त्रिज्येच्या निम्म्याहून जास्त मोकळी जागा सोडायची नाही. २२० किमीच्या पिंडाला ते ५५ किमी होतात. कोल्हापूरपासून गडहिंग्लजच त्याच्या काठावर येतं, आणि मळ्यापासून मोजलं तर पलीकडे.